उंबरठा : सुताराच्या शब्दाची सीमारेषा कशी झाली?

१/
'दीडशे उंबऱ्यांचे गाव.' गावाचा आकार सांगण्याची ही महाराष्ट्रातील जुनी रीत. यात मोजला जातो तो दाराच्या तळाशी आडवा पडलेला लाकडाचा एक तुकडा, आणि त्या एका तुकड्यात अख्खे कुटुंब गृहीत धरलेले असते. नववधू त्यावरचे माप ओलांडून सून होते. सकाळी त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. तिन्हीसांजेला त्यावर बसलेल्या मुलाला आजी हटकून उठवते. इतका मान मिळालेल्या या लाकडाला 'उंबरठा' हे नाव कोठून मिळाले? उत्तर वाटते तितके सरळ नाही, म्हणून हा दीर्घ धागा.

२/
'उंबरठा' किंवा 'उंबरा' म्हटले की पहिली आठवण होते ती उंबराच्या झाडाची. संस्कृतात या झाडाला 'उदुंबर' म्हणतात, आणि त्याच 'उदुंबर' शब्दाचा दुसरा अर्थ दाराची तळपट्टी असाही आहे. त्यामुळे 'पूर्वी ही पट्टी उंबराच्या लाकडाची करीत, म्हणून उंबरठा' असे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येते. ते गोड आहे आणि पटकन पटते. मात्र लाकूडकामाची थोडी जाण असलेल्या माणसाला त्यात लगेच एक अडचण दिसते.

३/
उंबराचे लाकूड मऊ, हलके आणि करड्या रंगाचे असते. उघड्यावर ते फार काळ टिकत नाही, किडीलाही लवकर बळी पडते. त्याचा एक गुण मात्र प्रसिद्ध आहे: पाण्याखाली ते चांगले टिकते, म्हणून विहिरीच्या तळाच्या चौकटीसाठी ते वापरले जाई. उंबरठ्याला हवे असते याच्या नेमके उलट. दररोज शेकडो पावले, दारातून आत येणारा पाऊस, जमिनीतून चढणारी ओल आणि वाळवी हे सारे सोसणारे लाकूड. म्हणूनच जुन्या वाड्यांत उंबरठा सागवानाचा दिसतो. घरातल्या सर्वांत राबणाऱ्या लाकडाला सर्वांत मऊ लाकडाचे नाव कसे?

४/
एक उत्तर यज्ञसंस्थेकडे बोट दाखवते. वैदिक कर्मकांडात उदुंबराचे स्थान फार मोठे आहे. सोमयागात 'सदस्' नावाच्या मंडपाच्या मध्यभागी उदुंबराचा खांब रोवला जाई. त्याला 'औदुंबरी' म्हणत, आणि सामगान करणारे ऋत्विज त्याला स्पर्श करून गात. ऐतरेय ब्राह्मणात राज्याभिषेकासाठी सांगितलेले आसन, म्हणजे 'आसंदी', उदुंबराच्याच लाकडाचे आहे. अथर्ववेदाच्या १९व्या कांडात समृद्धीसाठी बांधायच्या उदुंबराच्या मण्याचे सूक्त आहे. उदुंबर म्हणजे अन्न, रस, पोषण, असे समीकरण ब्राह्मणग्रंथांत वारंवार येते.

५/
शतपथ ब्राह्मणाने तर या नावाची व्युत्पत्तीही दिली आहे. प्रजापतीने म्हटले की, याने मला सर्व पापांतून वर उचलले. 'वर उचलणे' या अर्थाच्या क्रियापदावरून नाव झाले 'उदुंभर', आणि त्याचेच रूप 'उदुंबर'. आजच्या भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य नाही. काही भाषावैज्ञानिकांना तर हा शब्द मुळात आर्यभाषांतला वाटत नाही. येथील आधीच्या भाषांतून तो संस्कृतात आला असावा, असे त्यांचे मत आहे. यातून एक सावधगिरी मात्र शिकता येते. ध्वनी जुळला की अर्थ जुळवण्याचा मोह अडीच हजार वर्षांपूर्वीही होता.

६/
तर मग 'पवित्र झाड, म्हणून पवित्र दारपट्टी' असे म्हणून थांबावे काय? थांबण्यापूर्वी हा शब्द दाराच्या संदर्भात प्रत्यक्ष कसा वापरला जात होता, ते पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी एक चांगला साक्षीदार उपलब्ध आहे: सहाव्या शतकातील अवंतीचा ज्योतिषी वराहमिहिर. त्याच्या 'बृहत्संहिते'त ग्रह-नक्षत्रांबरोबरच पाऊस, रत्ने, मूर्ती, झाडे आणि घरबांधणी यांवरही प्रकरणे आहेत. वास्तुविद्येच्या प्रकरणात त्याने दाराच्या लाकडांची मापे दिली आहेत.

७/
नियम असा. दाराची उंची रुंदीच्या दुप्पट ठेवावी. उंची जितके हात असेल तितकी अंगुळे दोन्ही उभ्या बाजूंची जाडी ठेवावी; या उभ्या बाजूंना तो 'शाखा' म्हणतो. आणि 'उदुंबरां'ची जाडी त्याच्या दीडपट ठेवावी. एक हात म्हणजे २४ अंगुळे, आजच्या मापाने सुमारे दीड फूट; अंगुळ म्हणजे सुमारे पाऊण इंच. चार हात, म्हणजे सहा फूट उंचीचे दार घेतले, तर शाखा चार अंगुळे म्हणजे सुमारे तीन इंच जाड, आणि उदुंबर सहा अंगुळे म्हणजे सुमारे साडेचार इंच जाड. कोणत्याही सुताराला आजही समजेल असा हा हिशेब आहे.

८/
या नियमातील एक बारीक व्याकरणविशेष फार महत्त्वाचा आहे. वराहमिहिराने 'उदुंबर' हा शब्द द्विवचनात वापरला आहे. दारात दोन शाखा आहेत, तसे उदुंबरही दोन आहेत: एक तळाचा आणि एक माथ्याचा! म्हणजे सहाव्या शतकातील या तांत्रिक भाषेत उदुंबर म्हणजे चौकटीचे आडवे लाकूड, मग ते पायाखाली असो वा डोक्यावर. 'आत' आणि 'बाहेर' यांना विभागणारी रेषा हा अर्थ त्यात नाही. डोक्यावरचे लाकूड कोणी ओलांडत नाही. हा चौकटीच्या एका भागाचा शब्द आहे, सुताराच्या कामाचा शब्द आहे.

९/
आडवी लाकडे उभ्यांपेक्षा दीडपट जाड का? वराहमिहिर कारण सांगत नाही, पण काम पाहिले की ते ध्यानात येते. चौकट जोडताना उभ्या लाकडाच्या टोकाला जीभ काढतात, ते 'कुसू'. आणि आडव्या लाकडात ती बसण्यासाठी खाच पाडतात, ती 'साल'. साल पाडलेल्या लाकडातून बराच गर कापला जातो, म्हणजे तेवढे ते कमकुवत होते. दोन्ही टोकांना साल पडलेले आडवे लाकूड मुळातच जाड हवे. त्याखेरीज या लाकडांवर आणखी एक भार होता, आणि तो आजच्या दारांत दिसत नाही.

१०/
तो भार म्हणजे खुद्द दाराचा. जुन्या दारांना बिजागऱ्या नसत. फळीच्या एका कडेला वर आणि खाली गोल दांड्यासारखी टोके ठेवलेली असत. वरचे टोक माथ्याच्या लाकडातल्या भोकात आणि खालचे टोक तळाच्या लाकडातल्या किंवा दगडातल्या खळग्यात फिरे. किल्ल्यांच्या दरवाजांत आणि लेण्यांच्या दारांत असे झिजलेले खळगे आजही दिसतात. दाराचे सारे वजन खालच्या खळग्यावर येई आणि त्याचा तोल वरचे भोक सांभाळी. म्हणजे दार उभे राही ते या दोन आडव्या लाकडांच्या जोरावर. 'बिजागरी' हा शब्द तर पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून मराठीत आला. तिच्यामुळे दाराचा भार उभ्या बाजूंवर गेला.

११/
हे ध्यानात घेतले की त्याच प्रकरणातील काही शकुनांचाही नवा अर्थ लागतो. दार आपोआप उघडू लागले तर घरात उन्माद येतो आणि आपोआप मिटू लागले तर कुळाचा नाश होतो, असे वराहमिहिर बजावतो. वाचताना ही अंधश्रद्धा वाटते. पण दार आपोआप केव्हा फिरते? वरचे भोक आणि खालचा खळगा एका ओळंब्यात नसले की. म्हणजे चौकट तिरकी बसली आहे, किंवा पाया खचतो आहे. शकुनाच्या भाषेत सांगितलेली ही घराच्या प्रकृतीची तपासणीही असू शकते. शापाची भीती घातली की घरमालक सुताराला वेळेवर बोलावतो, हेही खरेच!

१२/
आता दुसरा साक्षीदार पाहू: 'अमरकोश'. संस्कृत शिकणारी मुले पिढ्यानपिढ्या पाठ करीत आलेला हा कोश साधारण त्याच कालखंडातला मानला जातो. घराच्या भागांची नावे देताना अमरसिंह उंबरठ्याला 'देहली' आणि 'गृहावग्रहणी' म्हणतो. दाराच्या खालच्या लाकडाला 'शिला' आणि वरच्या लाकडाला 'नासा' अशी वेगवेगळी नावे देतो. 'उदुंबर' तेथे नाही. तो येतो झाडांच्या यादीत, आणि धातूंच्या यादीत तांब्याचा पर्याय म्हणून. दाराच्या लाकडाशी त्याचा संबंध अमरसिंह नोंदवत नाही.

१३/
पुढे 'मेदिनीकोशा'सारख्या नंतरच्या कोशांत मात्र उदुंबराच्या अनेक अर्थांत 'देहली' हाही अर्थ आढळतो. यावरून एक अनुमान काढता येते. काव्य आणि पाठशाळा यांच्या संस्कृतात रूढ शब्द होता 'देहली'. 'उदुंबर' हा कारागिरांच्या बोलीतला, वास्तूच्या मापांतला शब्द होता. कोशकारांच्या पंगतीत त्याला पान मिळाले ते उशिरा. आजही इमारतीच्या कामावर बोलले जाणारे कित्येक शब्द प्रतिष्ठित शब्दकोशांत सापडत नाहीत. तेव्हाची स्थितीही फारशी वेगळी नसावी.

१४/
तिसरा साक्षीदार आहे पाली भाषा. पालीत झाडाला 'उदुंबर' म्हणतात, पण दाराच्या तळपट्टीला 'उम्मार'. म्हणजे संस्कृतात जे दोन अर्थ एकाच शब्दात दिसतात, ते पालीत दोन वेगळ्या रूपांत आहेत. याचे दोन प्रकारे स्पष्टीकरण देता येते. एक: दोन्ही शब्द मुळात 'उदुंबर'च. झाडाचे नाव ग्रंथांमुळे स्थिर राहिले, आणि कामाच्या ठिकाणी दिवसाला दहा वेळा उच्चारला जाणारा दाराचा शब्द झिजून 'उम्मार' झाला. मराठीतही 'उदुंबर'चे 'उंबर' झालेच आहे.

१५/
दुसरी शक्यता अधिक रंजक आहे. दाराच्या लाकडासाठी लोकभाषेत 'उम्मार' किंवा 'उंबर' असा स्वतंत्रच शब्द असावा. संस्कृतात शास्त्र लिहिणाऱ्यांनी तो उचलला, तेव्हा त्याला साजेसे संस्कृत रूप शोधले. 'उंबर' झाडाला संस्कृतात 'उदुंबर' म्हणतात, मग दाराच्या 'उंबरा'लाही 'उदुंबर' म्हटले. लोकभाषेतील शब्दाला असे भरजरी वस्त्र नेसवण्याची उदाहरणे संस्कृतात पुष्कळ आहेत. तसे असेल, तर उंबरठ्याचा उंबराच्या झाडाशी काहीच संबंध उरत नाही. राहतो तो केवळ ध्वनीचा योगायोग.

१६/
या दोहोंपैकी कोणतीही शक्यता स्वीकारली तरी एक गोष्ट पक्की राहते. मराठीने हा शब्द उचलला तो कारागिराच्या बाजूने. उत्तरेकडील भाषांनी 'देहली' ठेवली. मराठीने 'उंबरा' आणि 'उंबरठा' ठेवला, गुजरातीने 'उंबरो'. पंडितांच्या संस्कृतातून 'देहलीदीप' न्याय आपल्याकडेही आला. उंबरठ्यावर ठेवलेला एक दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो, हे त्याचे सार. पण घरात ठेच लागली की तोंडी येतो तो 'उंबरठा'.

१७/
लाकडाचा हा शब्द पुढे दगडातही गेला. भारतीय स्थापत्यात हे वारंवार घडते. कार्ल्याच्या चैत्यगृहात छत डोंगरातच कोरलेले आहे, त्याला आधाराची काहीच गरज नाही; तरीही तेथे लाकडी कमानी बसवल्या आणि त्यांतील बऱ्याच आजही जागेवर आहेत. लाकडी इमारतीची सवय दगडाने सोडली नाही. मंदिरांच्या दारांतही तेच झाले. दगडी द्वारशाखा झाल्या, दगडी तळपट्टी झाली, पण तिचे शास्त्रीय नाव 'उदुंबर'च राहिले. बाराव्या शतकातील 'अपराजितपृच्छे'सारख्या शिल्पग्रंथांत ते याच अर्थाने येते.

१८/
मंदिरातील उदुंबर ओळखणे सोपे आहे. गर्भगृहाच्या दारात तळाशी मध्यभागी पुढे आलेला अर्धगोल भाग दिसतो, त्याला 'मंदारक' म्हणतात. त्यावर बहुधा कमळाची नक्षी असते. त्याच्या दोन्ही बाजूंना वटारलेल्या डोळ्यांची कीर्तिमुखे असतात. समोर जमिनीवर अर्धचंद्राकृती 'चंद्रशिला' असते. या कोरीव पट्टीवर पाय न देता ती ओलांडून आत जायचे असते. येथे लाकडाचे काम पूर्णपणे बदललेले दिसते. आता तो चौकटीचा आधार राहिला नाही. तो देवाच्या आणि माणसाच्या जागेमधला टप्पा झाला.

१९/
घरातही तसाच बदल होत होता. वराहमिहिराचे उदुंबर दोन होते. आजच्या मराठीत उंबरठा एकच, तो तळाचा. माथ्याच्या लाकडाने ते नाव गमावले. त्याच्या मधोमध गणपती कोरण्याची प्रथा पडली आणि ते 'गणेशपट्टी' झाले. मात्र चारही लाकडे मिळून जे होते त्याचे नाव जुना हिशेब विसरलेले नाही. 'चौकट' म्हणजे 'चौ' अधिक 'काष्ठ', चार काष्ठांची जोडणी. हिंदीतील 'चौखट' आणि बंगालीतील 'चौकाठ' हे त्याचेच सख्खे भाऊ.

२०/
तळाच्या लाकडाला सीमेचा अर्थ येण्याची बीजे मात्र फार जुनी आहेत. बौद्ध ग्रंथांत काही नग्न तपस्व्यांचे नियम सांगितले आहेत. उंबरठ्याच्या पलीकडून दिलेली भिक्षा न घेणे हा त्यांतला एक. जैन परंपरेत भगवान महावीरांनी कौशांबीत केलेला अभिग्रह प्रसिद्ध आहे. बेड्या घातलेली, केशवपन केलेली आणि डोळ्यांत अश्रू असलेली राजकन्या एक पाय उंबरठ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून सुपातले उडीद देईल, तरच ते घ्यायचे. पाच महिने पंचवीस दिवसांनी चंदनबालेच्या हातून तो पुरा झाला, असे कथा सांगते. ना घरातली, ना घराबाहेरची, अशी ती उभी आहे.

२१/
नरसिंहाची कथा तर मराठी घरांत सर्वांना पाठ असते. हिरण्यकशिपूला घरात मरण नाही, घराबाहेर नाही. म्हणून नरसिंहाने त्याला उंबरठ्यावर मारले. या कथेला महाराष्ट्रात एक वेगळे शेपूट आहे. 'गुरुचरित्रा'च्या १९व्या अध्यायात सांगितले आहे की, दैत्याच्या पोटातील विषाने नरसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला, तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली. नखे त्यांत रोवताच दाह शमला. उंबरठ्यावरचा वध आणि उंबराच्या फळाने शांती! व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा पुरावा नव्हे. पण लोकमनात उंबर आणि उंबरठा किती जवळ राहिले, हे त्यातून कळते. दत्तसंप्रदायामुळे औदुंबराला कुऱ्हाड लावणे तर महाराष्ट्रात पापच मानले गेले.

२२/
एकदा लाकडाची रेषा झाली की ती कोणासाठी ओढली आहे, हा प्रश्न उभा राहतो. स्त्रीच्या आयुष्यात उंबरठा दोनदा येतो. सून होताना तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून ती आत येते, तेव्हा तिचे कौतुक होते. तोच उंबरठा ती बाहेरच्या दिशेने ओलांडते, तेव्हा त्याच क्रियेचा अर्थ बंड होतो. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९८२ साली चित्रपट केला, तेव्हा त्याला नाव दिले 'उंबरठा'. स्मिता पाटील यांनी साकारलेल्या नायिकेची सारी कहाणी त्या एका शब्दात मावली. प्रेक्षकांना अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

२३/
दुसरी रेषा जातीची. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. विठ्ठलाचा एवढा मोठा भक्त आयुष्यभर आणि नंतरही दाराबाहेरच राहिला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मागणी होती ते दार ओलांडण्याची. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि त्यानंतर विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते. काही इंच उंचीची ती पट्टी ओलांडायला चोखोबांपासून सहा शतके लागली.

२४/
येथे वराहमिहिराच्या द्विवचनाचे मोल कळते. उंबरठ्याची सीमा जणू सृष्टीच्या आरंभापासून ठरलेली आहे, असे पुष्कळदा भासवले जाते. शब्दाचा इतिहास वेगळी साक्ष देतो. ज्या काळी सुतार आणि शास्त्रकार दाराच्या वरच्या व खालच्या दोन्ही लाकडांना एकच नाव देत होते, त्या काळी या शब्दात कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला रोखायचे याचा मागमूस नव्हता. रोखणारी माणसे तेव्हाही होती, प्रथा होत्या. पण लाकडाच्या नावात ते शिरले नव्हते. तो अर्थ माणसांनी नंतर त्यावर ठेवला. ठेवलेला अर्थ उचलताही येतो, हे १९३० आणि १९४७ साली दिसले.

२५/
भाषेने उंबरठ्याची आणखी एक आठवण जपली आहे. दाखल्यासाठी किंवा थकलेल्या पैशासाठी माणूस 'कचेरीचे उंबरे झिजवतो'. या वाक्प्रचारात सीमा दिसत नाही, दिसते ते लाकूड. हजारो पावलांनी मधोमध खोलगट झालेले, कडा गुळगुळीत झालेले लाकूड. जुन्या वाड्यातील उंबरठा नीट पाहिला तर हा खोलगट भाग हाताला लागतो. त्या घरात किती पिढ्या आल्या-गेल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरापेक्षा तेथे अधिक प्रामाणिकपणे झालेली असते.

२६/
आज चौकटीचे चौथे काष्ठ नाहीसे होत आहे. बिजागरीने त्याचे भार पेलण्याचे काम घेतले, सिमेंटच्या भिंतींनी चौकट ताठ धरण्याचे. सदनिकांतील बहुतेक आतल्या दारांना आता तीनच लाकडे असतात. तरी तिला आपण 'चौकट'च म्हणतो. मुख्य दाराशी लाकडाची किंवा ग्रॅनाइटची एक पट्टी बसवतात, ती पूजेपुरती. पाणी अडवण्याचे जुने काम खरोखर करतो तो फक्त न्हाणीघराचा उंबरा. आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, गुडघे थकलेल्या आजीला सपाट दार हवे असते, हेही विसरून चालणार नाही.

२७/
तेव्हा 'उंबरठा उंबराच्या झाडावरून आला का?' या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: कदाचित आला असेल, कदाचित दोन शब्द केवळ शेजारी राहून एक झाले असतील. निश्चित आहे ते एवढेच, की हे चौकट जुळवणाऱ्या हातांनी वापरलेले नाव होते. त्याचे काम होते दोन उभ्या लाकडांना एकत्र धरून ठेवणे. विभागण्याचे काम त्याला पुढे लागले. जुन्या घराचे दार पुढच्या वेळी ओलांडताना क्षणभर खाली पाहावे: कोपऱ्यात कुसू सालीत बसलेले दिसेल, बाजूला कदाचित फिरत्या दाराचा झिजलेला खळगाही सापडेल. आपल्या भागात या लाकडाला काही वेगळे नाव असेल, तर ते धाग्याखाली जरूर लिहावे. सुतारांच्या तोंडचे शब्द कोशांत उशिराच पोहोचतात.

(धागा समाप्त)